डाव्या अंगठ्याची शाई

जळकोट भागातल्या लग्नात ताटात बुंदी पडली की जुनी माणसं ती आधी खात नसत, बोटानं उलटीपालटी करून बघत. दाणा गोल, बिनशेपटीचा आणि दाबल्यावर पाकाचा एकच थेंब सोडणारा निघाला की पंगतीतून कुणीतरी म्हणायचंच, "भट्टीवर मन्मथअप्पा हाय वाटतं." शेपटीवाला दाणा निघाला तर म्हणायचं, "न्हाई, अप्पाचा इसार परवडला न्हाई पोरीच्या बापाला."

तर ही त्या मन्मथअप्पा बिरादाराची गोष्ट. माणूस आडव्या बांध्याचा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात पेन. आचाऱ्याच्या खिशात पेन कशाला, असं लोक हसून विचारायचे. अप्पाची शाळा चौथीपर्यंत, पण गुरुजींनी सही अशी घोटून घेतली होती की बघत राहावं. 'बिरादार' मधल्या शेवटच्या 'र'ला खाली एक वेटोळं, जिलबीसारखं. इसार, म्हणजे कामाची आगाऊ रक्कम, घेतला की पोरीच्या बापानं चिठ्ठी मागो ना मागो, अप्पा खिशातला पेन काढून सही करून द्यायचा. एकदा उदगीरच्या एका अडत्यानं म्हटलं, "अप्पा, बुंदी गोड की सही गोड?" तर अप्पा म्हणाला, "बुंदी तुमची, सही माझी. माझ्या वस्तूला नाव ठिवू नका."

आता बुंदी पाडणं म्हणजे काय, हे ज्यानं पाडली त्यालाच ठाऊक. तेल किती तापलं हे कढईवर हात धरून कळतं. डाव्या हातानं झाऱ्यावर पीठ ओतायचं आणि उजव्या हातानं झाऱ्याचा दांडा ठोकायचा. जोरात ठोकला तर दाणा चपटा, हळू ठोकला तर शेपटी. सगळी करामत उजव्या मनगटात. अप्पा ठोका द्यायचा तेव्हा मांडवातला बँडवालाही आपला ताल सांभाळून घ्यायचा म्हणतात. हे थोडं वाढवून सांगितलेलं असेल, पण फार नाही.

अप्पाच्या धंद्याचा एक नियम होता. तो त्याला त्याच्या उस्तादानं, एका म्हाताऱ्या हलवायानं दिला होता. आधी इसार, आणि बाकीचं भट्टी विझायच्या आत. पंगत उठली, राख गरम आहे, तोवर पैसे हातात पडले पाहिजेत. नियम उगीच झाला नव्हता. अप्पा तरणा असताना मुखेडकडच्या एका वरबापानं "उद्या ये" म्हणून सांगितलं. उद्याची शिवरात्र झाली, शिवरात्रीची सुगी झाली. शेवटी तो गृहस्थ म्हणाला, "अप्पा, सुनेला दिवस गेलेत, बारशाला ये, दोन्ही हिशेब एकदमच करू." अप्पा बारशाला गेला, तिथं फुकटात घुगऱ्या शिजवून आला, आणि आधीचेही पैसे तिथंच राहिले! त्या दिवसापासून अप्पानं राख थंड होऊ दिली नाही.

हा नियम लक्षात ठेवा. ह्याच नियमानं पुढं घात केला. म्हणजे लोकांना वाटलं ह्या नियमानंच केला.

अप्पाच्या भांड्यांचा टेंपो केरबा चालवायचा. केरबा त्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, अप्पापेक्षा वयानं लहान. सकाळी अप्पा म्हणायचा "शरणार्थ, केरबा," केरबा म्हणायचा "जय भीम, अप्पा," आणि मग दोघं दिवसभर भांडायचे. भांडण एकच. केरबा म्हणायचा तुमच्या डेगीनं माझ्या गाडीचे पाटे बसले, अप्पा म्हणायचा तुझ्या गाडीनं माझ्या डेगीला पोचे आले.

एका पहाटे दोघं लग्नाच्या कामाला निघाले, आणि मुखेडच्या रस्त्याला एक पेंडीचा ट्रक आपली बाजू सोडून समोर आला. अप्पानं उजव्या हातानं लांब दांड्याचा झारा खिडकीतून बाहेर धरला होता, आत मावत नव्हता म्हणून. केरबानं टेंपो वळवला, पण अख्खा वळला नाही. केरबाचं खुब्याचं हाड मोडलं. अप्पाचा उजवा हात कोपराखालून गेला.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत अप्पा शुद्धीवर होता, आणि एकच विचारत होता, "आरं, तिथं बुंदी कोण पाडून राह्यलं? पीठ भिजवू नका म्हणावं, मी आलो." बायको दानम्मा पदर तोंडात कोंबून बसली होती. पोरगी अंबिका तेव्हा दहावीत होती. ती मात्र रडली नाही. पट्टी बदलायला सिस्टर आली की ती जवळ उभी राहून बघायची. कापूस कसा धरतात, जुनी पट्टी ओली करून कशी सोडवतात, दुखणाऱ्याशी बोलत बोलत हात कसा चालवतात, सगळं. आठवड्यानं सिस्टर म्हणाली, "धर गं, चिमटा धर." पोरीनं धरला. त्या रात्रीपासून तिचं ठरलं. बाकीच्या पोरी शिक्षिका होऊ म्हणत, पोलीस होऊ म्हणत, अंबिका म्हणायची, "मी नर्सिंगला जाणार." अप्पाही मांडवामांडवात सांगत फिरायचा, "माझा हात गेला, पण पोरीच्या हाताला गुण आला."

दावा लावला उदगीरच्या किशनराव वकिलांनी. दोघांचाही, ट्रकच्या विमा कंपनीवर. वकीलपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा अप्पाचा डावा हात सवयीनं खिशातल्या पेनकडे गेला आणि तिथंच थांबला. कारकून म्हणाला, "अंगठा चालतो, अप्पा." त्यानं अप्पाचा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर लाटल्यासारखा फिरवला आणि कागदावर दाबला. मग आपलं काम झालं म्हणून हात सोडून दिला. अप्पा तसाच बसून राहिला. अंगठ्याला शाई, आणि ती पुसायला दुसरा हात नाही. अंबिकानं ओढणीचं टोक ओलं करून पुसून दिली. अप्पा कुणाकडं न बघता म्हणाला, "चौथीपर्यंत शाळा शिकलो मी."

मग किशनरावांनी नुकसानभरपाई कशी काढतात ते समजावलं. वय बघतात, कमाई बघतात, दवाखान्याचा खर्च बघतात, आणि डॉक्टरनं लिहिलेले अपंगत्वाचे टक्के बघतात. अप्पाच्या कागदावर साठ टक्के लिहिले होते.

"साठ?" अप्पा म्हणाला. "वकीलसाहेब, बुंदी साठ टक्के पडत न्हाई. पडती, न्हाईतर न्हाई पडत."

किशनराव हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं कोर्टात हेच म्हणणं मांडलं, की हात साठ टक्के गेला असेल, धंदा पुरा गेला. ते मान्यही झालं म्हणतात.

दोन वर्षं तारखांत गेली. अंबिका बारावी झाली, गुण चांगले पडले, लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात नंबर लागायची वेळ आली, आणि त्याच दिवसांत लोकअदालत लागली. विमा कंपनी तडजोडीला तयार झाली. अप्पाचे नऊ लाख ठरले, केरबाचे त्याहून कमी.

आता खरी गोष्ट इथं आहे. न्यायाधीश मॅडम चष्मा कपाळावर सरकवून अप्पाशी सरळ बोलल्या, वकिलाच्या तोंडून नाही. म्हणाल्या, "आजोबा, कंपनी पैसे भरेल. पण सगळे एकदम हातात घ्यायलाच पाहिजेत असं नाही. थोडे आत्ता घ्या. बाकीचे बँकेत मुदतीवर ठेवू. त्याचं व्याज तुम्हाला दर महिन्याला मिळेल, पगारासारखं. मुलीचं शिक्षण आहे ना? तीन वर्षांचं? मग तीन ठेवी वेगळ्या करू. दरवर्षी फी भरायच्या वेळी एक सुटेल. मधे कुणाला हात लावता येणार नाही, तुम्हालासुद्धा."

बसल्या जागी मॅडमनी पोरीची तीन वर्षं अशी मांडून दिली.

अंबिका बापाच्या मागं उभी होती. ती एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "मॅडम, मला एक..."

"तू गप बस," अप्पा म्हणाला. हळू नाही म्हणाला. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. पोरगी मागं सरकली.

मग अप्पानं मॅडमना आपला नियम ऐकवला, हात नसलेली बाही हलवत. "बाईसाहेब, आम्ही आचारी लोक. भट्टी विझायच्या आत हिशेब. बारशापतुर थांबलेला माणूस हाय मी. द्यायचं ते एकदाच द्या." खोलीत हशा पिकला. मॅडमही हसल्या. त्यांनी पुन्हा एकदा समजावलं, किशनरावांनी कानात सांगितलं, पण पैसे अप्पाच्या हाताचे होते आणि अप्पाचं म्हणणं कागदावर लिहिलं गेलं. सगळे एकरकमी. अप्पानं अंगठा पुढं केला. शाई लागली. ह्या वेळी अंबिकानं पुसून दिली नाही असं नाही, पुसली, पण खाली बघून.

केरबाचा नंबर नंतर होता. त्याची बायको सुमनबाई पाठीमागून त्याच्या सदऱ्याला धरून उभी होती. मॅडमनी विचारायच्या आत तीच बोलली, "महिन्याचे महिन्याला द्या, बाईसाहेब. ह्यांच्याकडं कुणी मागितलं की हे खिसा उलटा करत्यात. आमच्या भाऊबंदांनी ह्या पैशाची वाटणी आधीच करून ठिवली हाय." केरबा लाजला, पण मान हलवली.

बाहेर चहाच्या गाड्यावर अप्पानं केरबाला चिडवलं, "आता दर महिन्याला बँकेच्या दारात बस. साहेब, वाढा म्हण."

"बसंन की," केरबा म्हणाला. "तुमच्या पंगतीत लई येळा बसलोय वाढायची वाट बघत."

अप्पानं पैसे उधळले असं कुणी म्हणू नये. त्याचा विचार सरळ होता. हात गेला, तरी भांडी कमावतील. त्यानं नव्या डेगी घेतल्या, कढया घेतल्या, गॅसच्या शेगड्या, ताटं, वाट्या, पाण्याची पिंपं, सगळं भाड्यानं द्यायचं. घराशेजारी पत्र्याचं शेड मारलं. पहिल्या लग्नसराईत भांडी एक दिवस घरी राहिली नाहीत. अंबिकाची पहिल्या वर्षाची फी अप्पानं ताठ मानेनं भरली. ती पांढऱ्या कपड्यात पहिल्यांदा घरी आली तेव्हा दानम्मानं तिची दृष्ट काढली आणि अप्पानं तिला शेडमध्ये नेऊन भांडी दाखवली. "ही बघ, तुझी दोन वर्षं हितं रचून ठिवलीत."

आणि मग कोरोना आला.

लग्नं झाली, नाही असं नाही. पण पन्नास माणसांत, पुढं तर त्याहून कमी. पन्नास माणसांना डेग कशाला लागते? घरच्या भगुण्यात भागतं. शेडमध्ये डेगी एकात एक घालून पडल्या, त्यात चिमण्यांनी घरटी केली. दुसऱ्या वर्षाची फी आली. दानम्मा म्हणाली, "आवं, भांडी काढा. जातील तेवढ्याला जातील." अप्पा म्हणाला, "अगं, पुढची सराई येऊ दे. आत्ता मोडीच्या भावात जातील." दानम्मा एवढंच बोलली, "परीक्षेला भांडी बसत न्हाईत."

कॉलेजनं मुदत दिली, पुन्हा दिली. अप्पा सराईची वाट बघत राहिला. आयुष्यात कधी कुणासाठी राख थंड होऊ न दिलेला माणूस, पोरीच्या बाबतीत थांबला. सराई आली तोवर लोकांना कार्यालयं आवडायला लागली होती, आणि कार्यालयवाल्यांची भांडी त्यांची, आचारी त्यांचे. शेवटी डेगी मोडीतच गेल्या. भंगारवाल्यानं तराजू लावला तेव्हा अप्पा गावात नव्हता. मुद्दामच नव्हता. तोवर अंबिकाचं नाव कॉलेजातून निघून गेलं होतं. आणि साल कुठलं, तर ज्या साली दवाखान्यादवाखान्यात, टीव्हीवर, मोबाईलवर सगळीकडं एकच ओरड होती, सिस्टर पाहिजेत, सिस्टर कमी पडून राहिल्यात. अप्पा ती बातमी लागली की उठून बाहेर जायचा.

केरबाचं सगळं गोडच झालं असंही नाही बरं का. सुमनबाईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा पैसे बँकेत असून मिळेनात. कोर्टात अर्ज करा, दवाखान्याचा कागद लावा, तारीख घ्या. तोवर केरबानं इकडून तिकडून उसनवारी करून बाईला वाचवली आणि बँकेला, कोर्टाला, न्यायाधीश मॅडमना शिव्या घातल्या. पण महिन्याच्या महिन्याला त्याच्या मोबाईलमध्ये टिंग वाजायचं. पोरगी लुंबिनी त्यावर शिकली.

एकदा पारावर ते टिंग वाजलं. अप्पा शेजारीच होता. म्हणाला, "चल, अंगठा द्यायला कधी जातोस बँकेत?"

"कसला अंगठा?" केरबा म्हणाला. "आपोआप जमा हुतेत. लुंबिनी मशीनमधून काढून आणती. मला तर बँकेचं तोंड बघून जमाना झाला."

अप्पा उठला आणि घराकडं चालायला लागला. केरबाला वाटलं, काही लागलं की काय म्हाताऱ्याला.

लागलं होतं. कारण धंद्याचा नियम, राख, वरबाप, बारसं हे सगळं अप्पानं जगाला सांगितलेलं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवशी मॅडम "दर महिन्याला" म्हणाल्या तेव्हा अप्पाच्या डोळ्यांपुढं दुसरंच आलं होतं. बँकेची खिडकी, मागं रांग, गावातली ओळखीची माणसं, आणि काचेपलीकडचा पोरगा म्हणतोय, अंगठा इकडं करा, आजोबा. दर महिन्याला. जिलबीसारखी सही करणाऱ्या माणसाचा अंगठा. ती एवढीशी लाज त्याला पोरीच्या तीन वर्षांपेक्षा जड झाली होती, आणि ती लाजही उगीचच होती. कुणी त्याचा अंगठा मागणारच नव्हतं. त्यानं मॅडमना एकदा विचारलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

आता अंबिका नांदेडला एका खासगी दवाखान्यात आहे. सिस्टरांच्या हाताखाली. चादरी बदलते, पेशंटला उठवते-बसवते, पाणी देते. मागल्या थंडीत अप्पा तिला भेटायला गेला. तिच्या कामाची सुट्टी व्हायची होती म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसला. शेजारी अर्धापूरचा एक केळीवाला होता, बापाला घरी न्यायला आलेला. त्याच्या हातात लाडवांचा पुडा. अंबिका दारात दिसली तसा तो उठला. "सिस्टर, तोंड गोड करा. तुमच्यामुळं म्हातारा उठला."

"सिस्टर त्या तिकडं हायेत, दादा," अंबिका हसून म्हणाली. "मी सिस्टर न्हाई. मी नुसती अंबिका."

ती हे सहज म्हणाली. रोज म्हणत असावी. केळीवाल्यानं तरी दोन लाडू तिच्या हातावर ठेवले आणि तो सिस्टरकडं गेला. अंबिका बापाजवळ येऊन बसली, एक लाडू त्याच्या डाव्या हातात दिला.

अप्पानं लाडू फोडला. बुंदीचा. सवयीनं दाणा बोटात दाबून बघितला. "पाक कच्चा राह्यला," म्हणाला. "आणि शेपट्या बघ किती."

"खा की गुमान, अप्पा. फुकटचा लाडू तपासून राहिलेत."

आतून कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं.

"अंबे," अप्पा म्हणाला, "त्या दिवशी कोर्टात तू काही म्हणत होतीस. 'मॅडम, मला एक' म्हणलीस. मी तुला गप केलं. काय म्हणणार होतीस गं?"

अंबिकानं आधी लाडवाचा तुकडा खाऊन संपवला.

"फीचं न्हवतं म्हणायचं," ती म्हणाली. "मी म्हणणार होते, मॅडम, मला एक विचारायचंय. बँकेत दर महिन्याला अप्पांच्या जागी मी गेले तर चालंल का? त्यांना अंगठा द्यायला लावू नका. त्यांना लई वाईट वाटतं."

अप्पानं तिच्याकडं बघितलं. पोरीला सगळं ठाऊक होतं. वकिलाच्या टेबलापासून ठाऊक होतं.

"मग नंतर का न्हाई बोललीस? घरी?"

"तुम्ही एवढे हसत होता, अप्पा. सगळे हसत होते तुमच्या बारशावर. म्हणलं, जाऊ द्या."

आतून हाक आली, "सिस्टर! अहो सिस्टर!" अंबिका उठली. "आले," म्हणाली, आणि ह्या वेळी कुणाला काही दुरुस्त न करता आत गेली.

अप्पा बाकड्यावर बसून राहिला. लाडू खाल्ला गेला नाही. कच्चा पाक सुटून डाव्या अंगठ्याला चिकटला होता. तो अंगठा त्यानं अंगापासून लांब धरला, धोतराला लागू नये असा, आणि ती परत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.